फ्रॅटर्निटीचे माजी सदस्य: अमेरिकन महाविद्यालयांतील आजन्म नाते

अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या निवडक आणि शपथबद्ध संघटना असतात. मुलांच्या अशा संघटनेला फ्रॅटर्निटी म्हणतात, मुलींच्या संघटनेला सोरॉरिटी. बहुतेकींची नावे ग्रीक वर्णमालेतल्या दोन-तीन अक्षरांची असतात: बीटा थीटा पाय, फाय डेल्टा थीटा, अल्फा फाय अल्फा. एकाच संघटनेच्या देशभरातल्या अनेक महाविद्यालयांत शाखा असतात आणि त्यांना चॅप्टर म्हणतात. दीक्षाविधी झाला की सदस्यत्व जन्मभराचे. पदवी घेऊन बाहेर पडलेला सदस्य माजी ठरतो तो महाविद्यालयाच्या हिशेबाने. संघटनेच्या लेखी तो भाऊच असतो. महाविद्यालयात तो चार वर्षे काढतो आणि संघटनेत पुढची चाळीस-पन्नास. त्यामुळे कोणत्याही जुन्या फ्रॅटर्निटीत शिकणाऱ्या सदस्यांपेक्षा शिकून गेलेल्यांची संख्या कितीतरी पटींनी मोठी असते. ज्या घरात मुले राहतात ते घर बहुधा या माजी सदस्यांच्या संस्थेच्या मालकीचे असते, छप्पर गळू लागले की पैसा तेच उभा करतात आणि चॅप्टर बंद पडला तर तो पुन्हा सुरू करण्यासाठी विद्यापीठाशी वाटाघाटीही तेच करतात. फ्रॅटर्निटी समजून घ्यायची तर विद्यार्थ्यांच्या बरोबरीने या मंडळींकडे पाहावे लागते.

ग्रीक अक्षरांची पहिली संघटना फाय बीटा कप्पा. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथील विल्यम अँड मेरी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 5 डिसेंबर 1776 रोजी ती स्थापली. गुप्त ब्रीद, खुणेचे हस्तांदोलन, पदक आणि शपथ ही पुढच्या सर्व फ्रॅटर्निटींची सामग्री तिच्यात होती. 1831 मध्ये हार्वर्डच्या शाखेने गुप्तता सोडली आणि हळूहळू फाय बीटा कप्पा केवळ गुणवंतांचा गौरव करणारी संस्था बनली. आजच्या अर्थाची फ्रॅटर्निटी जन्मली ती न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजात. 1825 ते 1827 या काळात तिथे कप्पा अल्फा सोसायटी, सिग्मा फाय आणि डेल्टा फाय अशा तीन संघटना निघाल्या. लॅटिन-ग्रीकची घोकंपट्टी, सक्तीची प्रार्थना आणि प्राध्यापकांची कडक नजर यांतून सुटून बोलायला, वाचायला, हसायला चार मित्रांची खोली हवी, ही त्यामागची प्रेरणा. मग ही कल्पना पश्चिमेकडे सरकली. ओहायोतील ऑक्सफर्ड गावच्या मायामी विद्यापीठात 1839 मध्ये बीटा थीटा पाय आणि 1848 मध्ये फाय डेल्टा थीटा स्थापन झाली. मुलींना महाविद्यालयांची दारे उघडू लागली तशा त्यांच्याही संघटना उभ्या राहिल्या. इलिनॉयमधील मनमथ कॉलेजात 1867 साली पाय बीटा फाय ही संस्था वेगळ्या नावाने सुरू झाली आणि 1870 मध्ये इंडियानात कप्पा अल्फा थीटा.

आरंभीच्या दशकांत प्राध्यापकांना या गुप्त मंडळ्या आवडत नव्हत्या. सभा भाड्याच्या खोल्यांत भरत आणि पदवी मिळाली की सदस्य पांगत. चित्र पालटले ते घरांमुळे. 1868 मध्ये कॉर्नेल विद्यापीठ उघडले तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांनी फ्रॅटर्निटींचे स्वागत केले. ते स्वतः विद्यार्थिदशेत सदस्य होते. नव्या विद्यापीठाला सगळ्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे बांधणे परवडणारे नव्हते. मुलांनी आपापली घरे उभारली तर निवासाचा प्रश्न सुटेल आणि घर आपले आहे म्हटल्यावर मुले जबाबदारीने वागतील, असा त्यांचा विचार होता. अमेरिकन यादवी युद्धानंतरच्या अर्धशतकात असंख्य महाविद्यालयांत अशी घरे उभी राहिली. वीस वर्षांच्या मुलांच्या नावावर कर्ज कोण देणार? मालकी घेण्यासाठी कायदेशीर संस्था लागत होती आणि ती वकील, व्यापारी, बँकर झालेल्या माजी सदस्यांनीच नोंदवली. माजी सदस्यांचा शब्द चालायला लागला तो इथपासून.

ही रचना आजही तशीच आहे. माजी सदस्यांची एक घरमालक संस्था असते आणि तिचे संचालक विनावेतन काम करतात. घरात राहणारे विद्यार्थी तिला भाडे देतात. विमा, कर, स्वयंपाकघराची डागडुजी, बॉयलर, जिने यांचा खर्च त्या भाड्यातून भागतो आणि मोठ्या दुरुस्तीसाठी वर्गण्या काढाव्या लागतात. 12 मे 1996 च्या पहाटे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील एका फ्रॅटर्निटी घराला आग लागून पाच विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्या घरात आग विझवणारे स्वयंचलित पाण्याचे फवारे नव्हते. त्यानंतर त्या गावाने फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीच्या घरांत असे फवारे बसवणे सक्तीचे केले. जुन्या लाकडी घरांत पाण्याचे नळ फिरवण्याचा हा भार माजी सदस्यांनाच उचलावा लागतो. सदस्यत्वाचा हा भाग सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत चिवट आहे. एखादा निवृत्त अभियंता आपण तरुणपणी राहिलेल्या घराच्या छपराचे अंदाजपत्रक तपासत असतो आणि त्या निमित्ताने पुढच्या पिढीतल्या मुलांशी त्याची ओळख होत जाते.

या घरांनी गरीब विद्यार्थ्यांनाही आधार दिला आहे. रोनाल्ड रेगन इलिनॉयमधील युरेका कॉलेजात टाउ कप्पा एप्सिलॉनचे सदस्य होते, जेराल्ड फोर्ड मिशिगन विद्यापीठात डेल्टा कप्पा एप्सिलॉनचे. दोघांनीही आपापल्या फ्रॅटर्निटीच्या घरी भांडी घासून शिक्षणाच्या खर्चाला हातभार लावला. दोघेही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

पैशाचा दुसरा प्रवाह शिष्यवृत्त्यांचा आहे. अमेरिकन करकायद्यात फ्रॅटर्निटी ही सामाजिक क्लबांच्या वर्गात मोडते, म्हणून तिला थेट दिलेल्या देणगीवर दात्याला करसवलत मिळत नाही. शैक्षणिक कामासाठी वेगळा न्यास असेल तर मिळते. त्यामुळे बहुतेक मोठ्या फ्रॅटर्निटींनी स्वतंत्र न्यास काढले आहेत. शिष्यवृत्त्या, नेतृत्व शिबिरे, घरातल्या अभ्यासिका यांसाठी माजी सदस्यांचा पैसा त्यांच्यातून येतो. राष्ट्रीय कार्यालये, नियतकालिके आणि अधिवेशने यांचा संसारही त्यांच्याच जोरावर चालतो. 1909 मध्ये न्यूयॉर्कमध्ये 26 फ्रॅटर्निटींच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन जी आंतरफ्रॅटर्निटी परिषद स्थापली ती विद्यार्थ्यांची सभा नव्हती. पदव्या घेऊन वर्षे लोटलेली प्रौढ मंडळी तिथे जमली होती.

इतका जिव्हाळा उत्पन्न होतो कसा? प्रवेश हा हळूहळू चढत जाणारा प्रवास असतो. सत्राच्या सुरुवातीला घरोघर भेटीगाठी होतात, मग निवडलेल्या मुलाला निमंत्रण जाते. ते स्वीकारल्यावर काही आठवडे तो उमेदवार असतो, संघटनेचा इतिहास, संस्थापकांची नावे आणि सर्व सदस्यांची माहिती शिकतो. त्याला एक वडीलधारा सदस्य नेमून दिलेला असतो, त्याला 'मोठा भाऊ' म्हणतात. त्या मोठ्या भावाचाही मोठा भाऊ असतो, त्यामुळे प्रत्येक चॅप्टरमध्ये वंशावळीसारखी घराणी तयार होतात. शेवटी दीक्षाविधी होतो. तो गुप्त असतो आणि सगळ्या शाखांत, सगळ्या पिढ्यांत जवळपास सारखाच असतो. म्हणूनच पन्नास वर्षांचे अंतर असलेले दोन अनोळखी सदस्य भेटले तरी दोघांकडे एक सामाईक आठवण असते. मानसशास्त्राने या बांधिलकीची आणखी एक बाजू दाखवली आहे. इलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स यांनी 1959 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, गटात शिरण्यासाठी ज्यांना जास्त अवघड परीक्षा द्यावी लागली त्यांना तोच कंटाळवाणा गट इतरांपेक्षा अधिक चांगला वाटला. कष्ट सोसून मिळवलेली गोष्ट फुकट गेली हे मान्य करणे मनाला जड जाते. निष्ठेचे मूळ असे असेल तर ती डोळस असेलच याची खात्री नाही, आणि पुढे येणाऱ्या छळाच्या प्रश्नाची एक मुळी इथेच आहे.

पदवीनंतर माणसामाणसाची वाट निराळी होते. अनेकजण वर्षातून एकदा, महाविद्यालयाच्या शरद ऋतूतील माजी विद्यार्थी मेळाव्याला, फुटबॉल सामन्याच्या निमित्ताने जुन्या घरी चक्कर टाकतात आणि तेवढ्यावर समाधान मानतात. काही जण राहत्या शहरातील माजी सदस्यांच्या संघात जातात, संस्थापनदिनाच्या जेवणाला जमतात, नोकरीनिमित्त नव्या शहरात आलेल्या तरुण सदस्याला घर शोधायला मदत करतात. थोडे जण चॅप्टरचे सल्लागार होतात: आठवड्याला एखादी संध्याकाळ हिशेबाच्या वह्या, परीक्षांचे गुण, भांडणे आणि शिस्तभंगाची प्रकरणे यांत घालवतात. लग्नात करवले म्हणून उभी राहणारी मंडळी बहुधा याच घरातली असतात. पुढे त्यांच्या मुलांनीही त्याच फ्रॅटर्निटीत यावे अशी अपेक्षा असते आणि सदस्यांच्या मुलांना, धाकट्या भावंडांना निवडीत झुकते माप देण्याची प्रथा जुनी आहे. 2020 नंतर अनेक सोरॉरिटींनी ती सोडून दिली, कारण तिचा लाभ पिढ्यान् पिढ्या त्याच घरांना होत होता. मृत्यूनंतरही नाते नोंदवले जाते. दिवंगत सदस्य ग्रीक वर्णमालेतील शेवटच्या अक्षराच्या, ओमेगाच्या, चॅप्टरमध्ये गेले असे कित्येक संघटना मानतात आणि अंत्यविधीत त्यांचा स्वतःचा छोटा विधी असतो. हयातीत हे नाते किती दूर जाते याचेही एक उदाहरण आहे: पर्ड्यू विद्यापीठात फाय डेल्टा थीटाचे सदस्य असलेल्या नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर जाताना आपले फ्रॅटर्निटीचे पदक बरोबर नेले होते. नंतर त्यांनी ते संघटनेला दिले.

आयुष्यावरचा सर्वांत चर्चिला गेलेला परिणाम अर्थातच नोकरीचा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये मांडले की नवी माहिती जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक येते, कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही बहुधा ठाऊकच असते. फ्रॅटर्निटी एकाच वेळी दोन्ही प्रकारची नाती पुरवते. सोबत राहिलेले चाळीस-पन्नास मित्र जवळचे. आणि तीच अक्षरे मिरवणारे, देशभर पसरलेले हजारो माजी सदस्य तोंडओळखीचेही नाहीत, पण परके नाहीत. अनोळखी बँक अधिकाऱ्याला पत्र लिहिताना पहिल्या ओळीत चॅप्टरचे नाव घातले की उत्तर येण्याची शक्यता वाढते. डार्टमथ कॉलेजातील डेव्हिड मार्मारोस आणि ब्रूस सॅसरडोट यांनी 2002 मध्ये शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या नोकरीशोधाचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीतील सहाध्यायी आणि माजी सदस्य यांची मदत घेणे आणि जास्त पगाराची नोकरी मिळणे या दोन गोष्टी बरोबर आढळत होत्या. त्या जाळ्याचा वापर स्त्रिया व पुरुष, तसेच वेगवेगळ्या वंशांचे विद्यार्थी सारख्या प्रमाणात करत नव्हते, हेही त्यांना दिसले. जाळे ज्यांच्या हाती आहे त्यांच्यासाठी ते वरदान आहे. ज्या अर्जदाराच्या पत्रात ती ओळ नाही, त्याच्या दृष्टीने तेच जाळे बंद दारासारखे असते. ही गोष्ट फ्रॅटर्निटीच्या कौतुकात सहसा सांगितली जात नाही.

यावर सर्वांत लक्षवेधी अभ्यास ज्या युनियन कॉलेजात ही परंपरा सुरू झाली तिथल्याच अर्थतज्ज्ञांनी केला. जॅक मारा, लुइस डेव्हिस आणि स्टीफन श्मिट यांनी अमेरिकेच्या ईशान्य भागातील एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची माहिती तपासली. फ्रॅटर्निटीत गेल्याने चार गुणांच्या श्रेणीत सरासरी सुमारे 0.25 गुणांची घट होते, पण पुढच्या आयुष्यातले उत्पन्न सुमारे 36 टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा अंदाज निघाला. वर्गात मागे पडणारा बाजारात पुढे जातो, हा निष्कर्ष महाविद्यालयांना अस्वस्थ करणारा आहे. मात्र एका महाविद्यालयाचे आकडे सर्वांना लावता येत नाहीत. शिवाय अशा तुलनेत नेहमीची अडचण आहेच: सधन घरची, बोलघेवडी, ओळखी करण्यात तरबेज मुले आधीच फ्रॅटर्निटीकडे वळतात आणि अशी मुले कुठेही असती तरी त्यांनी बरे कमावले असते. संशोधक सांख्यिकीच्या साहाय्याने हा भेद वेगळा काढू पाहतात, पण तो पूर्ण निघत नाही.

हीच मर्यादा 2014 च्या गॅलप-पर्ड्यू पाहणीलाही लागू होते. तीस हजारांहून अधिक पदवीधरांच्या या पाहणीत, पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या माजी फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी सदस्यांपैकी 43 टक्के आपल्या कामात मनापासून रमलेले आढळले. इतर पदवीधरांत हे प्रमाण 38 टक्के होते. आर्थिक, सामाजिक, शारीरिक स्वास्थ्याच्या मोजपट्ट्यांवरही सदस्य थोडे पुढे होते. फरक आहे, पण तो अफाट नाही. फ्रॅटर्निटींच्या प्रचारपत्रकांत तो बराच फुगवून येतो. या पाहणीत विश्वासार्ह काही असेल तर ते हे की, ज्यांना विद्यार्थिदशेत आपलेपणाने विचारपूस करणारे कुणी लाभले त्यांचे पुढचे आयुष्य बरे गेले. अशी माणसे फ्रॅटर्निटीत भेटतात. ती प्रयोगशाळेत, नाट्यमंडळात, एखाद्या शिक्षकाच्या घरीही भेटू शकतात.

दुसऱ्या पारड्यातले वजनही आयुष्यभर राहणारे आहे. मिशिगन विद्यापीठातील शॉन एस्टेबन मॅककेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये एक दीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला. शालान्त वर्गातल्या मुलामुलींचा वयाच्या 18 पासून 35 पर्यंत मागोवा घेतला होता. विद्यार्थिदशेत फ्रॅटर्निटीच्या घरात राहिलेल्या पुरुषांपैकी 45 टक्क्यांना वयाच्या 35 व्या वर्षी दारूच्या विकाराची किमान दोन लक्षणे होती, आणि हे प्रमाण बरोबरीच्या इतर गटांपेक्षा जास्त होते. तरुणपणीचे पिणे नोकरी-लग्नानंतर आपोआप सुटते, ही समजूत या आकड्यापुढे टिकत नाही. घराने मित्र दिले, नोकरी दिली आणि सवयही दिली. सवय मित्रांइतकीच सोबत करते.

आणि मग छळ. उमेदवारांना दारू पाजणे, झोपू न देणे, मारणे, अपमान करणे या प्रकारांना अमेरिकेत हेझिंग म्हणतात. आपल्याकडच्या रॅगिंगशी त्याचे नाते आहे, पण इथे ते सदस्यत्वाची किंमत म्हणून घडते. पत्रकार हँक न्यूअर यांनी ठेवलेल्या नोंदींनुसार 1959 ते 2021 या काळात दरवर्षी अमेरिकेतील महाविद्यालयांत हेझिंगमुळे किमान एक मृत्यू झाला. 2017 मध्ये पेन्सिल्वेनिया स्टेट विद्यापीठात एका उमेदवाराचा दारू आणि पडण्याच्या दुखापतींनी मृत्यू झाला. तो घरात तासन् तास विव्हळत पडला असताना वैद्यकीय मदत बोलावली गेली नव्हती. त्यानंतर त्या राज्याने 2018 मध्ये हेझिंगविरोधी कडक कायदा केला आणि डिसेंबर 2024 मध्ये, महाविद्यालयांनी हेझिंगच्या घटना जाहीर करणे बंधनकारक करणारा संघराज्याचा कायदाही झाला.

या प्रश्नात माजी सदस्य दोन्ही बाजूंना उभे दिसतात. 'आम्हीही हे सोसले आणि आमचे काही बिघडले नाही' हे वाक्य घराघरांत तेच उच्चारतात. मेळाव्याला आलेल्या पन्नाशीच्या माणसाने जुन्या खोड्या रंगवून सांगितल्या की वीस वर्षांच्या मुलांना ती परवानगी वाटते. उलट, राष्ट्रीय कार्यालयात बसून चॅप्टर बंद करणारे, घराला कुलूप लावणारे, बदलांचे नियम लिहिणारेही माजी सदस्यच आहेत. सिग्मा न्यू ही फ्रॅटर्निटी तर 1869 मध्ये व्हर्जिनियाच्या लष्करी शिक्षणसंस्थेत हेझिंगला विरोध म्हणूनच निघाली. फाय डेल्टा थीटाने 2000 सालापासून आपली घरे मद्यमुक्त केली. सिग्मा अल्फा एप्सिलॉनने 2014 मध्ये उमेदवारीचा कालखंडच रद्द केला आणि निवडलेल्या मुलाला लगेच पूर्ण सदस्य करून घेण्याचा नियम केला. आंतरफ्रॅटर्निटी परिषदेने सप्टेंबर 2019 पासून सदस्य फ्रॅटर्निटींच्या घरांत तीव्र मद्यावर बंदी आणली. असे नियम कागदावरून घरात पोचायचे तर विद्यार्थ्यांना ज्याचा धाक आणि आदर वाटतो असा सल्लागार आठवड्याच्या आठवड्याला तिथे हजर लागतो. वर्षातून एकदा सामना पाहायला येणाऱ्या शंभर माजी सदस्यांपेक्षा असा एकजण अधिक मोलाचा आहे.

माजी सदस्यांच्या सत्तेची कसोटी लागली ती वंशभेदाच्या प्रश्नावर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक फ्रॅटर्निटींच्या घटनेत केवळ गोऱ्या ख्रिस्ती पुरुषांनाच प्रवेश असे कलम होते किंवा तसा अलिखित रिवाज होता. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या विद्यार्थ्यांना ते खटकू लागले. 1948 मध्ये अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातील फाय कप्पा साय या फ्रॅटर्निटीच्या चॅप्टरने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला सदस्य करून घ्यायचे ठरवले. माजी सदस्यांच्या हाती असलेल्या राष्ट्रीय संघटनेने त्या चॅप्टरला निलंबित केले, तरी विद्यार्थी मागे हटले नाहीत. भविष्याचा निर्णय वर्तमानातल्या मुलांनी घ्यावा की भूतकाळातल्या सदस्यांनी, हा वाद तेव्हापासून प्रत्येक सुधारणेच्या वेळी उठला आहे.

फ्रॅटर्निटी साफ बंद करायला निघालेल्या महाविद्यालयांनाही जुन्या मंडळींच्या विरोधाला तोंड द्यावे लागले. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजने 1962 मध्ये हा निर्णय घेतला तेव्हा माजी विद्यार्थ्यांचा मोठा रोष ओढवला, जरी निर्णयाची शिफारस करणाऱ्या समितीतही माजी विद्यार्थी होते. 1984 मध्ये अ‍ॅमहर्स्ट आणि कोल्बी, 1997 मध्ये बोडन कॉलेज त्याच मार्गाने गेले. न्यूयॉर्क राज्यातील हॅमिल्टन कॉलेज हे अल्फा डेल्टा फायचे 1832 सालचे जन्मस्थान. तिथे 1995 मध्ये सर्व विद्यार्थ्यांना कॉलेजच्याच निवासात राहणे सक्तीचे झाले. रिकामी पडणारी घरे फ्रॅटर्निटींच्या मालकीची होती. कॉलेज निवासाच्या व्यवसायात मक्तेदारी करत आहे असा दावा त्यांनी लावला आणि खालच्या न्यायालयाने फेटाळलेला हा दावा अपील न्यायालयाने 1997 मध्ये पुन्हा सुनावणीस पाठवला. विद्यार्थी मात्र कॉलेजच्या वसतिगृहांत गेले. हार्वर्डने 2016 मध्ये केवळ पुरुषांच्या वा केवळ स्त्रियांच्या क्लबांत जाणाऱ्यांना पदे आणि शिष्यवृत्त्यांच्या शिफारशी नाकारण्याचे धोरण जाहीर केले. राष्ट्रीय फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी न्यायालयात गेल्या आणि 2020 मध्ये हार्वर्डला ते मागे घ्यावे लागले.

माजी सदस्यांच्या सहभागाचे सर्वांत समृद्ध रूप मात्र कृष्णवर्णीयांच्या संघटनांत दिसते. अल्फा फाय अल्फाची स्थापना 4 डिसेंबर 1906 रोजी कॉर्नेलमध्ये झाली. त्या काळी तिथे मोजकेच कृष्णवर्णीय विद्यार्थी होते आणि एकमेकांना सावरून धरणे ही त्यांची गरज होती. 1908 मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कप्पा अल्फा ही सोरॉरिटी निघाली आणि 1913 मध्ये तिथेच 22 विद्यार्थिनींनी डेल्टा सिग्मा थीटा स्थापली. स्थापनेनंतर दोन महिन्यांच्या आतच, 3 मार्च 1913 रोजी, त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. अशा नऊ संघटनांचा समूह आज 'डिव्हाइन नाइन' या नावाने ओळखला जातो. या संघटनांत पदवीधरांचे चॅप्टर हे शोभेचे नसतात. महाविद्यालयात असताना सदस्य होता न आलेले पदवीधरही त्यांच्यामार्फत दीक्षा घेऊ शकतात. वर्गणी, सभा, समित्या, समाजकार्य हे सारे चाळिशी-पन्नाशीतही चालू असते. त्यामुळे इथे महाविद्यालयातील वर्षे ही सदस्यत्वाची केवळ सुरुवात ठरते.

या कामाचे एक उदाहरण विस्ताराने सांगण्याजोगे आहे. 1930 च्या दशकात मिसिसिपीच्या ग्रामीण भागातील कृष्णवर्णीय शेतमजुरांना डॉक्टर जवळपास मिळतच नसे. अल्फा कप्पा अल्फाच्या तेव्हाच्या अध्यक्षा आयडा लुइस जॅक्सन यांनी 1934 मध्ये तिथल्या शिक्षिकांसाठी उन्हाळी वर्ग भरवले. मुलांचे आरोग्य सुधारल्याशिवाय शिक्षण पुढे जाणार नाही, हे त्या वेळी ध्यानात आले. पुढच्या वर्षी, 1935 मध्ये, डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली डॉक्टर, परिचारिका, शिक्षिका अशा माजी सदस्या आपापल्या मोटारींनी तिकडे निघाल्या. मळेवाल्यांनी मजुरांना दवाखान्यापर्यंत यायला मनाई केली, तेव्हा या स्त्रियांनी दवाखानाच मोटारींत घालून मळ्यांवर नेला. देवी आणि घटसर्पाच्या लसी टोचल्या, दात तपासले, आहाराविषयी सांगितले. 1942 पर्यंत दर उन्हाळ्यात हे काम चालले. या स्त्रियांनी स्वतःची सुट्टी आणि गाडी दिली. त्याच्या मोबदल्यात कुणालाही पगारवाढ मिळणार नव्हती.

न्यायालयातही हे जाळे कामी आले. मेरीलँड विद्यापीठाच्या विधी शाखेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळवून देणारा खटला 1936 मध्ये जिंकणाऱ्या थर्गुड मार्शल यांचे नाव अल्फा फाय अल्फाच्या यादीत आहे आणि संघटनेचा त्या लढ्याला पाठिंबा होता. रेल्वेच्या भोजनडब्यातील वेगळ्या टेबलांविरुद्धचा एल्मर हेंडरसन यांचा खटला संघटनेचे वकील बेलफर्ड लॉसन यांनी सर्वोच्च न्यायालयात लढवला आणि 1950 मध्ये तो जिंकला. मार्टिन लूथर किंग यांनी 1952 मध्ये बॉस्टनमध्ये शिकत असताना अल्फा फाय अल्फाची दीक्षा घेतली होती. त्यांचे राष्ट्रीय स्मारक व्हावे ही कल्पना 1984 मध्ये त्याच संघटनेच्या सदस्यांनी मांडली. 1996 मध्ये संसदेने परवानगी दिली, सुमारे 12 कोटी डॉलर उभे राहिले आणि 16 ऑक्टोबर 2011 रोजी वॉशिंग्टनमध्ये स्मारकाचे लोकार्पण झाले. सत्तावीस वर्षे एकाच कामाचा पाठपुरावा पदवीपुरते सदस्यत्व असलेल्या संघटनेकडून झाला नसता.

भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनीही हा साचा उचलला आहे. 1994 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन विद्यापीठात आयोटा न्यू डेल्टा, 1998 मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात डेल्टा एप्सिलॉन साय आणि त्याच वर्षी ह्यूस्टन विद्यापीठात डेल्टा फाय ओमेगा ही सोरॉरिटी अशा दक्षिण आशियाई संघटना निघाल्या. त्यांच्या संस्थापकांच्या पिढीत प्रामुख्याने स्थलांतरितांची मुले होती. आईवडिलांच्या ओळखी आपापल्या भाषेच्या मंडळापुरत्या होत्या आणि अमेरिकन महाविद्यालयातल्या जुन्या घरांशी त्यांचा काही संबंध नव्हता. मराठी, गुजराती, तेलुगू, तमीळ, पंजाबी घरांतील मुले इथे एकाच अक्षरांखाली आली. या संघटनांकडे शतकभराची घरे नाहीत, मोठे न्यासही नाहीत. त्यांचे पहिले सदस्य आता पन्नाशीच्या आसपास पोचले आहेत, म्हणजे नोकरी देण्याच्या, शिष्यवृत्ती ठेवण्याच्या आणि चॅप्टरच्या सल्लागारपदी बसण्याच्या वयात.